मोती, मोहरा आणि खुर्दा

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी काय घडलं, याची बातमी नानासाहेब पेशव्यांना मिळाली ती एका सावकारी पत्रातून. भाऊसाहेबांच्या मदतीला म्हणून ते उत्तरेकडे निघाले होते आणि माळव्यात भेलशाच्या आसपास पोचले होते, तेव्हा ते पत्र त्यांच्या हाती लागलं. मजकूर पेढीच्या भाषेतला होता. दोन मोती गेले, इतक्या मोहरा गेल्या, आणि खुर्दा किती गेला त्याची मोजदाद नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. मोहरा म्हणजे नावाजलेले सरदार. खुर्दा म्हणजे उरलेले सगळे.

शाळेत हे पत्र आपण सगळेच ऐकतो आणि लिहिणाऱ्याच्या कल्पकतेला दाद देतो. तो सावकार होता, कवी नव्हता. पण रणात पडलेल्या माणसांची त्यानं जी नाणेवारी लावली, तीच आपल्या वीरकाव्यानं दीर्घकाळ चालवली असं मला वाटतं. कवी युद्धाबद्दल अतिशयोक्ती करतात हा आक्षेप जुना आहे आणि फारसा कामाचाही नाही. कवितेत अतिशयोक्ती करायची नाही, तर मग करायची कुठं? मला पडलेला प्रश्न पेढीवरचाच आहे. लढाईत जे शौर्य घडतं, ते कवी कुणाच्या खात्यावर जमा करतो?

सुरुवात पोवाड्यापासून करावी लागते. उपलब्ध पोवाड्यांतला सर्वांत जुना अफझलखानाच्या वधावरचा, म्हणजे १६५९ सालच्या प्रसंगावरचा. रचणारा अगीनदास, ज्याला काही जण अज्ञानदास म्हणतात. या रचनेबद्दल शाहिराला घोडा आणि सोन्याचा तोडा मिळाला, हे खुद्द पोवाड्यातच सांगितलेलं आहे. कवितेच्या पोटात कवीची बिदागी नोंदवलेली, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. शाहीर हा बातमीदारही होता, बखरकारही आणि भाटही. ज्याच्या पुढ्यात गायचं त्याचं नाव त्याला ठळकपणे घ्यावंच लागे.

त्याचा कळस खर्ड्याच्या पोवाड्यांत दिसतो. ११ मार्च १७९५ ला मराठे आणि निजाम यांची खर्ड्याला गाठ पडली. फौजा प्रचंड होत्या, पण प्रत्यक्ष लढाईत माणसं फार कमी पडली. निजामानं लगेच किल्ल्याचा आसरा घेतला आणि तह झाला. असं असूनही शाहिरांनी तिच्यावर किती लिहिलं! कारण उघड आहे. शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन सगळे एका झेंड्याखाली आले होते आणि प्रत्येकाचं नाव घ्यायची सोय होती. कोण कुठल्या बाजूनं आला, कुणाबरोबर किती घोडा, कुणाचा डेरा कसा, अशा याद्या हे पोवाडे मन लावून देतात. पुष्कळ वाचकांना त्या कंटाळवाण्या वाटतात. मला त्या आवडतात, कारण त्यांत उतरत्या काळातल्या एका राज्याचं शेवटचं भरलेलं घर दिसतं. त्या याद्यांत शिपाई मात्र आकड्यांतच असतो. दहा हजार, वीस हजार. आकड्याला डफावर थाप चांगली बसते, नाव कशाला हवं?

याहून बोलका दाखला सिंहगडाचा आहे. तुळशीदास शाहिराचा तानाजीवरचा पोवाडा महाराष्ट्राला इतका मुरलेला आहे की तोच इतिहास वाटतो. रायबाचं लग्न, म्हातारा शेलारमामा, आणि कड्याला चिकटणारी यशवंती घोरपड. सभासदानं १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत घोरपड नाही. तिथं निवडक मावळे रात्रीच्या वेळी वानरासारखे कडा चढून जातात आणि मग बाकीच्यांना वर घेतात. फेब्रुवारीतल्या थंडीत, अंधारात, हातानं खडकाची खाच शोधत वर गेलेली ही माणसं. त्या रात्रीचं सगळ्यांत अवघड काम त्यांनी केलं. पोवाड्यानं ते काम एका घोरपडीला देऊन टाकलं, आणि वर तिला नावही दिलं. मावळ्यांना नाव नाही, घोरपडीला आहे. तुळशीदासावर माझा राग नाही. घोरपडीमुळेच पोरंबाळं तो पोवाडा विसरत नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण जमाखर्च पाहायचा म्हटला की ही नोंद डोळ्यांत भरते.

आता नेसरी. कुसुमाग्रजांची सात स्वारांवरची कविता मराठी माणसाला पाठ असते ती बहुधा लता मंगेशकरांच्या आवाजात आणि हृदयनाथांच्या चालीत. घटना थोडक्यात अशी. विजापूरचा सरदार बहलोलखान उमराणीजवळ कोंडीत सापडला होता. सरनौबत प्रतापराव गुजरांनी त्याला जाऊ दिलं. खान फिरून उलटला. शिवाजीमहाराजांनी प्रतापरावांना कडक शब्दांत खरमरीत पत्र धाडलं. ते मनाला इतकं लागलं की २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत खान दिसताच प्रतापराव मागच्या फौजेची वाट न बघता मोजक्या स्वारांनिशी त्याच्यावर तुटून पडले आणि मारले गेले. सभासदानं प्रतापरावांचा मृत्यू सांगितला आहे. सात हा आकडा सापडतो तो इंग्रजांच्या कागदपत्रांत. त्यांचा दुभाष्या नारायण शेणवी यानं पुढच्या एप्रिलमध्ये कळवलं की दोन टेकड्यांमधल्या अरुंद वाटेत प्रतापराव आणखी सहा स्वारांसह पडला, बाकीच्या सैन्यानं त्याला साथ दिली नाही.

लष्करी शहाणपणाच्या दृष्टीनं पाहिलं तर या कृतीचं समर्थन करणं कठीण आहे. सेनापतीनं फौज मागं टाकून सहा जणांनिशी घुसणं म्हणजे फौजेला वाऱ्यावर सोडणं. राज्याभिषेक साडेतीन महिन्यांवर आलेला, आणि राजाचा सरनौबत गेला. पुढं फौज सावरली ती आनंदरावांनी. त्यांनी खानाच्या जहागिरीतलं संपगाव लुटून प्रतापरावांच्या मृत्यूचं उट्टं काढलं. सैन्याला दिलासा देणारं, व्यवहारी, आवश्यक असं ते काम. आनंदरावांवर कुणी कविता केली नाही.

कुसुमाग्रज मोठे कवी म्हणूनच त्यांनी एक गोष्ट लपवली नाही. त्या दौडीला त्यांनी सरळ वेड म्हटलं. कवितेत लढाई तर जवळपास नाहीच. एक अपमान आहे, एक धाव आहे, आणि नंतर त्या जागेवर राहिलेल्या खुणा आहेत. दगडावर, ओढ्यात, क्षितिजावर. वार कसे झाले, कोण कसा पडला, यातलं काही कवी दाखवत नाही. रक्तपाताची चव घेण्याची जी सवय वीरकाव्याला असते ती इथं नाही, आणि म्हणून ही कविता मला सगळ्या पोवाड्यांपेक्षा सभ्य वाटते. एक बारीक गोष्ट मात्र खटकते. शेणव्याच्या पत्रात ते सहा जण नुसते स्वार आहेत. कवितेत ते सरदार झाले. पुढं लोकांनी त्या सहांना नावंही दिली, त्यांचं स्मारकही झालं. साधे स्वार असते तर त्यांच्या वेडाचं मोल कमी झालं असतं का? खरं तर वाढलं असतं. सरदाराला इज्जत असते आणि ती राखायला तो मरतो, हे आपल्याला चटकन समजतं. पण महाराजांचं पत्र स्वाराला आलेलंच नव्हतं. बोल लागला होता सेनापतीला. तो बोल आपला मानून जो घोड्याला टाच देतो, त्याच्या मनात नेमकं काय चालतं? मराठी कवितेनं त्या मनात शिरायची संधी तिथं सोडली.

नेसरीची आठवण झाली की बालाक्लाव्हाची होतेच. क्रिमियाच्या युद्धात २५ ऑक्टोबर १८५४ ला ब्रिटिशांच्या हलक्या घोडदळाला हुकूम गेला, तोफांवर चालून जा. कुठल्या तोफा, ते हुकूम आणणाऱ्या कॅप्टन नोलनला आणि घेणाऱ्यांना सारखं कळलं नाही. पावणेसातशेच्या आसपास स्वार समोरच्या आणि दोन्ही बाजूंच्या तोफांच्या तोंडी गेले. नोलन अगदी सुरुवातीलाच मेला, त्यामुळं हुकुमाचा खरा अर्थ काय होता हा वाद कायमचा उरला. राजकवी टेनिसननं ‘टाइम्स’मध्ये हे वाचलं आणि डिसेंबरमध्ये त्याची कविता छापून आली. कवितेत त्यानं सहाशे हा आकडा धरला. स्वार त्याहून जास्त होते हे त्याला कळलं होतं. सातशेपेक्षा सहाशे वृत्तात चांगले बसतात असं त्यानं मित्राला स्पष्ट कळवलं. म्हणजे साठसत्तर माणसं वृत्तासाठी गाळली गेली. हसू येतं, आणि मग येत नाही.

पण खरी गंमत पुढं आहे. हुकूम देताना कुणीतरी घोडचूक केली, असं सांगणारी एक ओळ त्या कवितेत होती. १८५५ साली कविता पुस्तकात घेताना टेनिसननं ती काढून टाकली. कदाचित टीकाकारांनी कान भरले असतील. त्याच वर्षी क्रिमियातल्या एका पाद्र्याकडून निरोप आला की शिपायांना ही कविता फार आवडते, छापील प्रती मिळतील का? टेनिसननं हजारभर प्रती छापून आघाडीवर धाडल्या, आणि त्या प्रतींत ती ओळ परत घातली. लंडनच्या दिवाणखान्यात वाचणाऱ्यांना चूक नकोशी होती. सेव्हास्तोपोलसमोर चिखलात बसलेल्यांना ती हवी होती. आपण मेलो तर कुणाच्या तरी चुकीनं मेलो, एवढं तरी कवितेनं बोलावं, असं त्यांना वाटलं असावं. १८९० मध्ये त्या स्वारांपैकी जगलेले काही जण म्हातारपणी हलाखीत दिवस काढत असल्याची चर्चा इंग्लंडमध्ये उठली. किपलिंगनं त्यावर एक बोचरी कविता लिहिली, त्यात हे भुकेले म्हातारे थेट टेनिसनच्या दारी जातात. त्याच वर्षी त्यांच्या मदतनिधीसाठी वयोवृद्ध टेनिसननं स्वतःच्या आवाजात ती जुनी कविता मेणाच्या नळकांड्यावर ध्वनिमुद्रित करून दिली. कवितेनं अमर केलेल्या माणसांना भाकरीसाठी कवितेचाच आवाज विकावा लागला.

आपल्याकडं पावनखिंड घ्या. १३ जुलै १६६० ची घोडखिंड बाजीप्रभूंची आहे, आणि ती तशी असण्यात काही अन्याय नाही. सावरकरांनी बाजीप्रभूंवर आणि सिंहगडावर पोवाडे रचले, इंग्रज सरकारनं ते जप्त केले. सरकारला त्यातला खिंड अडवणारा माणूस भूतकाळातला वाटला नसणार. पण खिंड एका माणसानं अडत नाही. तिथं बांदलांची माणसं होती, हिरडस मावळातली. परंपरेनं एक गोष्ट सांगितली जाते. दरबारात तलवारीचं पहिलं मानाचं पान जेध्यांचं होतं, पावनखिंडीनंतर महाराजांनी जेध्यांची समजूत घालून ते बांदलांना दिलं. राजाला माणसं टिकवून ठेवायची असतात. खिंड कुणी अडवली हे त्यानं शाहिरापेक्षा नेमकं ओळखलं होतं.

यावर कुणी म्हणेल, कवितेला नायक लागतो, गर्दीवर कविता होत नाही. मग वीरगळांचं काय करायचं? महाराष्ट्रात गावागावांत, देवळाच्या आवारात, पारापाशी, शेताच्या बांधावर हे दगड उभे आहेत. बहुतेकांवर एक अक्षरही नाही. चौकटी खालून वर वाचायच्या. तळाशी आडवा पडलेला वीर, पुष्कळदा शेजारी गाईगुरं, म्हणजे हा गडी कुठल्या साम्राज्यासाठी नाही तर गावची गुरं वळवून नेणाऱ्यांशी लढताना मेला. त्यावर लढाई. त्यावर अप्सरा त्याला घेऊन चालल्या आहेत. सगळ्यांत वर तो शंकराच्या पिंडीची पूजा करतो आहे. ही दगडातली कविताच आहे, आणि तिनं सुरुवातच मृतदेहापासून केली आहे. पोवाडा जिथं संपतो तिथून पाथरवट निघाला. नायक आहे, पण सरदार नाही. गावाला त्याचं नाव तेव्हा ठाऊक होतं म्हणून कोरलं नाही. आता नाव गेलं आणि आपण त्याला शेंदूर फासून देव केला. शेजारी बांगड्या भरलेला हात कोरलेला सतीचा दगड असेल तर त्या घरातून आणखी काय गेलं तेही कळतं. पोवाड्यात हा हात क्वचितच दिसतो.

आणि तुकोबा. देहूच्या या वाण्यानं पाइकाचे अभंग लिहिले, याची आठवण वीरकाव्याच्या चर्चेत फारशी कुणी काढत नाही, कारण ते भक्तीच्या कप्प्यात टाकलेले. पाईक म्हणजे पायदळाचा शिपाई, सगळ्यांत खालचा. तो धन्याशी कसा वागतो, वाटा कशा ओळखतो, शत्रूला कसा चकवतो, गोळ्या-बाणांचा मारा कसा सोसतो, हे तुकोबांनी अशा बारकाव्यानं सांगितलं आहे की शिपाईगिरी जवळून पाहिल्याशिवाय ते जमणार नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर मावळातली तरुण पोरं फौजेत जात होती. परंपरा म्हणते की हे अभंग महाराजांच्या शिपायांसाठीच आहेत. असतील, नसतीलही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की भक्ताला उपमा हवी होती तेव्हा तुकोबांनी सेनापती निवडला नाही. आणि त्यांचा पाईक शहाणा आहे. तो मरण्यासाठी उतावीळ नाही. स्वतः वाचतो, दुसऱ्याला वाचवतो, वाट मोकळी करतो. नेसरीच्या वेडापासून हे फार लांब आहे.

कंपनी सरकारनंही एकदा खुर्द्याची नावं लिहिली. कोरेगाव भीमा इथं १ जानेवारी १८१८ ला पेशव्यांच्या फौजेशी झालेल्या लढाईचा स्तंभ इंग्रजांनी उभारला आणि त्यावर आपल्या बाजूच्या पडलेल्या शिपायांची नावं कोरली. एकूण ४९, त्यांपैकी २२ ‘नाक’ प्रत्ययाची, म्हणजे महार शिपायांची. इंग्रजांचा हेतू आपला विजय मिरवण्याचा होता, माणुसकीचा नव्हे. तरी नाव कोरलं की ते कुणीतरी वाचतं. डॉ. आंबेडकर १ जानेवारी १९२७ ला तिथं गेले, आणि त्यानंतर आंबेडकरी जलशांनी आणि शाहिरांनी त्या दगडावरच्या नावांना आवाज दिला. मराठी वीरकाव्यात पहिल्यांदाच असं घडलं की गाणारा आणि ज्याचं गाणं तो, दोघं एकाच वस्तीतले होते. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या चिन्हावर तो स्तंभ आला. या लढाईचा अर्थ काय लावायचा यावर लोक भांडत राहतील. पण शिपायाचं नाव दगडावर असणं आणि नसणं यानं कविता किती बदलते, हे त्या भांडणानंतरही तसंच राहतं.

या दिशेनं पहिलं पाऊल महात्मा फुल्यांनी आधीच टाकलं होतं. १८६९ च्या त्यांच्या पोवाड्यातले शिवाजीमहाराज कुळवाडीभूषण आहेत, नांगरधारी माणसांचे राजे. आणि १९४३ च्या सुमारास मुंबईच्या कामगारवस्तीत बसून अण्णा भाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. रशिया त्यांनी तोवर पाहिलेला नव्हता. पण तिथले कारखान्यांतून उठून रस्त्यारस्त्यांत लढणारे लोक त्यांना परके वाटले नाहीत, गिरणीतल्या माणसाला ते का वाटावेत? पोवाड्याचा जुना सांगाडा त्यांनी तसाच ठेवला, सरदारांच्या जागी मात्र शहर आणलं. थोडा प्रचारकी सूर आहे, कबूल. पण याद्यांच्या त्या परंपरेत ही मोठी उलथापालथ होती.

खुर्दा मोजणारा सगळ्यांत थोर कवी मात्र फार जुना आहे. महाभारतात स्त्रीपर्व आहे, आणि मोरोपंतांनी ते आर्यांत आणलंही. युद्ध संपल्यावर गांधारी रणभूमी पाहते, एकेका प्रेताजवळ थांबते, कुणाची बायको कुणाचं डोकं शोधते आहे ते सांगते. पांडव-कौरव दोन्हीकडचे मेलेले तिच्या एकाच नजरेत येतात. पण माझं लक्ष जातं ते नंतरच्या एका प्रसंगाकडं. धृतराष्ट्र युधिष्ठिराला विचारतो, किती मेले? युधिष्ठिर आकडा सांगतो, अब्जाच्या वर जाणारा, कुणी खरा मानू नये असा. मग म्हातारा दुसरा प्रश्न विचारतो: ज्यांना कुणी नाही, ज्यांना अग्नी द्यायला नातलग नाहीत, त्यांचं काय? युधिष्ठिर विदुर, संजय, धौम्य यांना त्या कामाला लावतो, आणि देशोदेशींहून आलेल्या अनोळखी शिपायांना हजारोंच्या संख्येनं एकत्र अग्नी दिला जातो. आंधळ्या राजाला, ज्याचे शंभर मुलगे गेले, हा प्रश्न सुचावा! इतक्या मोठ्या कवितेत व्यासांनी त्यासाठी जागा ठेवली. पोवाड्यात या प्रसंगाची सावलीसुद्धा दिसत नाही.

विसाव्या शतकात तरी नवी मराठी कविता इथं येईल अशी अपेक्षा होती. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून जास्त हिंदी सैनिक परदेशी गेले. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, नगर इथली पोरं मेसोपोटेमियात गेली. तिथं कूटला वेढ्यात अडकली ती चक्क पूना डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ ला शरणागती होईपर्यंत ते लोक उपाशी मरत होते, अनेकांनी घोड्याचं मांस धर्मात बसत नाही म्हणून नाकारलं. आणि ज्या पुण्याचं नाव त्या डिव्हिजनला होतं, तिथं तेव्हा मराठी कवितेला बहर आला होता. गोविंदाग्रज लिहीत होते, बालकवी लिहीत होते. त्या बहरात कूट कुठं आहे? कवी ज्या घरांतून येत होते तिथली मुलं पलटणीत जात नव्हती, आणि शिपाई ज्या घरांतले होते तिथं दिवाळी अंक जात नव्हता. शिवाय साहेबाच्या लढाईत मरणाऱ्याचं कौतुक करायचं कसं, हाही पेच होता. युरोपात त्याच वेळी कवीच खंदकात होते. इंग्रज कवी ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ ला, युद्धबंदी होण्याच्या आठवडाभर आधी मारला गेला. त्याच्या कवितांत वायूनं गुदमरणारा सैनिक आहे आणि शौर्याच्या घोषणांबद्दल चीड आहे. आपले शिपाई फ्रान्समधून घरी पत्रं लिहीत होते तीही सेन्सॉर उघडून वाचत होता, म्हणून ते काळी मिरी संपत आली, लाल मिरची अजून शिल्लक आहे अशा सांकेतिक बोलीत हिंदी आणि गोऱ्या सैनिकांची खबर देत. माणसांचा हिशेब किराण्याच्या भाषेत पुन्हा आला. या खेपेला तो हिशेब मरणाऱ्यांनीच लिहिला.

१९६२ च्या चीनयुद्धानंतर रेडिओवर वीरश्रीची गाणी रोज वाजू लागली. ‘छोटा जवान’ सिनेमा, गदिमांची गाणी, महिलांनी विणलेले स्वेटर, संरक्षणनिधीत दिलेले दागिने. मनापासूनच होतं सगळं. कुसुमाग्रजांची अनामवीरावरची कविताही लोकांच्या तोंडी बसली, आणि ती सुंदर आहे. पण माझी एक कुरकुर राहते. तो वीर अनाम कुणाला? त्याच्या आईला त्याचं नाव ठाऊक असतं, गावाला असतं, पलटणीच्या दप्तरात तर नंबरासकट असतं. अनाम तो आपल्याला असतो, गाणं ऐकणाऱ्यांना. त्या कवितेत त्याच्यासाठी स्तंभ उभारला गेला नाही याची खंत आहे. पण कवीनं चार गावं फिरून एका शिपायाचं नाव विचारलं असतं तर?

नाव सहज सापडलं असतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातल्या निमजचे. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनिओ नदी ओलांडताना त्यांच्या तुकडीतले बहुतेक सगळे पडले. त्यांनी दोन जखमींना एकामागून एक उचलून घेतलं, खोल पाण्यातून, उभ्या काठावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुरक्षित जागी आणलं. मग परत जाऊन एकट्यानं शत्रूच्या मशीनगनच्या जागा उडवल्या. हाताला जखम झाली आणि बंदूक चालवता येईना तेव्हा हातबॉम्ब वापरले. शेवटी काठावर चढून शिवाजीमहाराजांच्या नावाचा जयघोष केला आणि मागच्या कंपन्यांना पुढं या म्हणून हात केला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे सगळं सरकारी राजपत्राच्या कोरड्या गद्यात लिहिलेलं आहे, आणि ते गद्य वाचताना मला कुठल्याही पोवाड्यापेक्षा जास्त थरारून येतं. त्यात एकही विशेषण फुकट नाही. किती माणसं उचलली, पाणी किती खोल, जखम कुठं झाली, सगळं आहे.

आणि हे नामदेव जाधव मेले नाहीत. १९८४ पर्यंत जगले. आपल्या वीरकाव्याची खरी अडचण इथं आहे. खिंडीत पडणाऱ्यासाठी त्याच्याजवळ चाल आहे, ठेका आहे, तयार शब्द आहेत. दोन जखमींसाठी दोनदा पाण्यात उतरणारा माणूस लढाईनंतर एकोणचाळीस वर्षं जगतो, पेन्शन घेतो, कानात जुने आवाज घेऊन झोपतो, त्याचं काय करायचं हे डफाला कळत नाही. पहिली खेप झाली की कडवं संपतं, ऐकणारे टाळ्या वाजवतात, आणि दुसऱ्या जखमीला आणायला कवी परत जात नाही.